बटाट्याच्या पट्ट्यांचा आलेख वाकतो का? आणि सोडियम एवढा लहान असून पटलाबाहेर का अडतो?

चंचुपात्र (धागाकर्ता)

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी परासरणाचा (पटलातून सौम्य द्रावणाकडून तीव्र द्रावणाकडे पाणी जाण्याचा) बटाट्याच्या पट्ट्यांचा प्रयोग बसवायचा आहे. साखरेची 0 ते 1 मोलर द्रावणं, प्रत्येकात पट्ट्या, तासाभराने वजनातला टक्केवारी फरक. आलेख शून्य रेषा जिथे कापतो ती पेशीरसाची तीव्रता, असं वह्यांमध्ये लिहिलेलं असतं. वाचनं मात्र तशी येत नाहीत. एकाच बीकरमधल्या तीन पट्ट्या तीन तऱ्हा दाखवतात. आलेख मध्ये सरळ आणि दोन्ही टोकांना वाकलेला. साखरेऐवजी मीठ घेतलं की शून्यबिंदू पार डावीकडे सरकतो.

शिवाय वर्गात हमखास येणारा प्रश्न: साखरेचा रेणू मोठा, तो अडतो हे पटतं. सोडियमचा आयन (प्रभारित अणू) त्याच्यापुढे चिमुकला, मग तो पेशीच्या पटलाबाहेर का अडतो? "पटलाला बारीक छिद्रं असतात" या उत्तराने पोरं आणखी गोंधळतात. जाणकारांनी लिहावं.

वजनकाटा

तीन तऱ्हांचं आधी बघू. बहुतेक घोळ द्रावण करताना आणि पट्टी टिपताना होतो.

द्रावण: 1 मोलर म्हणजे 342 ग्रॅम साखर 1 लिटर *पाण्यात* नव्हे. 342 ग्रॅम साखर स्वतःच 200 मिलिलीटरहून जास्त जागा खाते, त्यामुळे तसं केलं तर हातात साधारण 0.82 मोलर द्रावण येतं आणि पुढची सगळी मालिका चुकते. साखर कमी पाण्यात पूर्ण विरघळवायची, मग पाणी घालत मोजपात्रात 1 लिटरच्या खुणेपर्यंत आणायचं. 0.1 ते 0.6 मोलर अशी प्रत्येकी 100 मिलिलीटर द्रावणं करायची तर 1 मोलरचं मूळ द्रावण 210 मिलिलीटर लागतं. 250 मिलिलीटर करून ठेवा, साखर 85.6 ग्रॅम. 0.3 साठी 30 मिलिलीटर मूळ द्रावण आणि 70 पाणी, याच हिशेबाने बाकीची. घरची साखर चालते, ती जवळजवळ शुद्ध सुक्रोजच असते. पिठीसाखर नको, तिच्यात कधीकधी स्टार्च असतो.

पट्ट्या: 8 मिलिमीटरचा कॉर्क बोअरर (गोल पट्टी कापायची धातूची नळी), लांबी 5 सेंटिमीटर, सगळ्या एकाच बटाट्याच्या. साल दोन्ही टोकांची पूर्ण काढा. साल म्हणजे बुचासारखा थर, त्यातून पाणी जात नाही. कापलेल्या पृष्ठभागावर फुटलेल्या पेशींचा रस आणि स्टार्च असतो. तो धुतला नाही तर द्रावणात उतरतो आणि तेवढं वजन फुकट घटल्यासारखं दिसतं. म्हणून झटकन पाण्यातून काढून टिपून घ्या आणि *मगच* पहिलं वजन करा.

टिपणं: एकाने दाबून टिपायचं, दुसऱ्याने नुसतं टेकवायचं, असं झालं की फरक पडलाच. गाळणकागदावर ठराविक वेळा लोळवायची, दाबायची नाही. आधी आणि नंतर एकाच मुलाने टिपायचं.

काटा: शाळेतला काटा बहुधा 0.1 ग्रॅमचा असतो. अशी एक पट्टी साधारण 2.7 ग्रॅम भरते, म्हणजे 0.1 ग्रॅमची गफलत जवळजवळ 4 टक्क्यांची. तीन पट्ट्या एकत्र तोला, ही चूक तिसऱ्या हिश्शावर येते. सुट्या पट्ट्यांची तुलना 0.01 ग्रॅमचा काटा असेल तरच करा.

बीकर झाकून ठेवा. आणि बटाटा शीतगृहातून नुकताच आलेला किंवा मोड आलेला नको. थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होत राहते आणि शून्यबिंदू वर सरकतो. साधारणपणे तो 0.25 ते 0.35 मोलरच्या दरम्यान येतो.

चंचुपात्र

वेळ किती द्यायचा? एक तास पुरतो, की रात्रभर ठेवायचं?

वजनकाटा

8 मिलिमीटरच्या पट्टीला 60 ते 90 मिनिटं पुरे. तेवढ्यात समतोल गाठला जात नाही हे खरं, पण शून्यबिंदू काढायला समतोलाची गरजच नाही. ज्या द्रावणात निव्वळ ये-जा शून्य आहे तिथे ती दहाव्या मिनिटालाही शून्य आणि नव्वदाव्यालाही शून्य. वेळेने रेषेचा उतार बदलतो, छेदबिंदू जवळपास तोच राहतो. दोन्ही बाजूंचे जवळचे बिंदू घ्या: समजा 0.2 ला वजन 4 टक्के वाढलं आणि 0.4 ला 6 टक्के घटलं, तर छेद 0.28 ला. सगळ्या बिंदूंमधून ताणून एकच सरळ रेषा काढू नका.

रात्रभर ठेवलं की जिवाणू वाढतात, पट्ट्या बुळबुळीत होतात आणि पोरं वासाच्या तक्रारी करतात. शाळेत ते नकोच.

ऱ्हिओची_पात

आलेख वाकतो तो चुकीने नव्हे, तो वाकायलाच हवा. दोन्ही टोकांची कारणं वेगळी आहेत.

डावं टोक, म्हणजे साधं पाणी आणि 0.1 मोलर: पाणी आत शिरतं, पेशी फुगते, पण भोवती पेशीभित्तिका आहे. ती ताणली गेली की आतून दाब तयार होतो आणि हा दाब पुढच्या पाण्याला अडवतो. म्हणून ही दोन वाचनं जवळजवळ येतात.

उजवं टोक: द्रावण पुरेसं तीव्र झालं की पटल भित्तिकेपासून सुटतं, म्हणजे रससंकोच. भित्तिका साखरेला अडवत नाही. त्यामुळे मधल्या मोकळ्या जागेत बाहेरचं साखरपाणी भरतं. आतला गोळा आक्रसत जातो, पण पट्टीच्या वजनात ही भर पडत राहते. 0.8 आणि 1 मोलरला जवळजवळ सारखीच घट दिसते ती यामुळे.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. 1 मोलर साखरपाण्याची घनता 1.13 च्या आसपास, बटाट्याची 1.06 ते 1.10. म्हणजे तीव्र द्रावणात पट्ट्या *तरंगतात* आणि त्यांची वरची बाजू कोरडी राहते. वर काचेची छोटी बशी ठेवून त्या बुडवा.

एक दुरुस्तीही. शून्यबिंदू म्हणजे पेशीरसाची तीव्रता नव्हे. बाजारातल्या बटाट्याच्या पेशीत थोडा दाब आधीच असतो. शून्यबिंदूवर मिळतं ते ऊतीचं वॉटर पोटेन्शियल, म्हणजे ऊती पाणी किती जोराने ओढते त्याचं माप. 0.3 मोलरला 27 अंश सेल्सिअसला ते उणे 0.75 मेगापास्कल येतं, म्हणजे साडेसात बार. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या तिपटीहून जास्त दाब. पेशीरसाचीच तीव्रता हवी असेल तर ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाच्या खालच्या जांभळ्या बाजूची साल घ्या, साखरेची मालिका लावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली निम्म्या पेशींत रससंकोच नुकता सुरू झालेलं द्रावण शोधा. नुसता रससंकोच दाखवायचा असेल तर 5 टक्के मिठाचं पाणी काही मिनिटांत काम करतं. लगेच साध्या पाण्याने धुतलं तर पेशी पूर्ववत होतात. मिठात जास्त वेळ राहिल्या तर मरतात, जांभळा रंग बाहेर पसरतो आणि मग कितीही पाणी घाला, उपयोग नाही.

मिठाचं कोडं सोपं आहे. एका मिठाचे पाण्यात दोन आयन होतात. परासरण कणांची संख्या बघतं, कण कसला आहे हे बघत नाही. साखरेच्या 0.3 मोलरला जोड मिठाची साधारण 0.16 मोलर, म्हणजे लिटरला साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. पण या प्रयोगाला साखरच बरी. तीव्र मिठाने पेशींना इजा होते आणि आयन हळूहळू आत झिरपतात.

कातळसडा

सोडियमच्या प्रश्नाला हात घालतो.

"छिद्रं" हा शब्द आधी फळ्यावरून पुसा. पटलाचा मूळ थर मेदाचा आहे, दोन रेणूंच्या जाडीचा, साधारण 5 नॅनोमीटर. दोन्ही पृष्ठभाग पाण्याशी जमवून घेणारे, मधला भाग तेलकट. पलीकडे जायचं तर कणाला या तेलकट भागातून जावं लागतं. त्यामुळे पहिला सवाल आकाराचा नसतो, "पाणी सोडायला तयार आहेस का" हा असतो. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल यांना पाण्याशी फार घट्ट नातं नाही, ते सहज पार होतात. सोडियमवर प्रभार आहे, त्याभोवती पाण्याचे रेणू चिकटलेले असतात. ते सोडून तेलात शिरायला प्रचंड ऊर्जा लागते. ग्लुकोजला प्रभार नाही, पण पाण्याशी जोडलेले हायड्रॉक्सिल गट आहेत; तेही अडतं, मात्र सोडियमपेक्षा कमी. प्रथिनं नसलेल्या निव्वळ मेदाच्या थरातून पाणी ज्या वेगाने जातं, त्याच्या अब्जावधी पट हळू सोडियम जातो. म्हणजे गेला नाही असंच समजा.

मग पेशीत सोडियम-पोटॅशियम जातात कसे? प्रथिनांच्या वाटांनी. आणि इथे वर्गासाठी मस्त उदाहरण आहे: पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा *मोठा* असतो. तरी पोटॅशियम चॅनलमधून सेकंदाला कोट्यवधी पोटॅशियम आयन जातात आणि लहानगा सोडियम हजारांत एखादाही मुश्किलीने. रॉडरिक मॅकिनन यांनी 1998 मध्ये या चॅनलची रचना उलगडली तेव्हा कारण दिसलं. वाटेच्या अरुंद भागात ऑक्सिजन अणू नेमक्या अंतरावर बसवलेले आहेत. पोटॅशियमने आपलं पाणी सोडलं की हे ऑक्सिजन पाण्याची जागा घेतात, त्याचं नुकसान भरून निघतं. सोडियम इतका लहान की तो सगळ्या ऑक्सिजनांना एकदम टेकू शकत नाही. पाणी सोडलं तर तोटा, म्हणून तो आत येत नाही. मोठा जातो, लहान अडतो. चाळणीची कल्पना इथेच संपते.

पाण्याचंही तसंच. मेदातून ते थोडंफार झिरपतं, पण तांबड्या रक्तपेशी किंवा मूत्रपिंडातल्या पेशींचा वेग त्याने जमत नाही. पीटर ॲग्री यांनी 1992 मध्ये ॲक्वापोरिन दाखवून दिलं; एका वाटेतून सेकंदाला सुमारे तीन अब्ज रेणू एका रांगेत जातात आणि हायड्रोजन आयन मात्र एकही नाही. 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळून होतं.

गुळपोळी

+1. मात्र अंड्याचा प्रयोग तरी चाळणीवरच चालतो ना? कवच विरघळवलेलं अंडं पाण्यात फुगतं, मिठाच्या पाण्यात आक्रसतं.

कातळसडा

चालतो, आणि म्हणूनच तो पेशीपटलाचा प्रयोग म्हणून दाखवू नये. व्हिनेगरने एक-दोन दिवसांत कवच जातं (सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने लवकर) आणि उरते ती कवचाखालची पापुद्री. ती प्रथिनांच्या धाग्यांची विणलेली आहे, मेदाचा दुहेरी थर नव्हे. पाणी आणि बारीक क्षार जातात, पांढऱ्यातली प्रथिनं अडतात. खरीखुरी चाळण. सेलोफेनच्या पिशवीचंही तेच: स्टार्च आत राहतं, ग्लुकोज आणि आयोडीन आरपार. खऱ्या पटलातून ग्लुकोज वाहक प्रथिनाशिवाय असं जात नाही. परासरण शिकवायला दोन्ही प्रयोग उत्तम. "पेशी अशीच वागते" असं वर जोडलं की पुढे अकरावीत ते खोडत बसावं लागतं.

उकडलेला बटाटा जोडीला ठेवा. वाटी कोरून साखरपाणी भरलेल्या आणि साध्या पाण्यात ठेवलेल्या कच्च्या बटाट्यात पातळी चढते, उकडलेल्यात नाही. भित्तिका तीच, स्टार्च तोच, गेलं ते पटल.

ऱ्हिओची_पात

महाविद्यालयात असाल तर युरियाचं जरूर दाखवा. 0.9 टक्के मिठाच्या पाण्यात तांबड्या पेशी ठीक राहतात. 1.8 टक्के युरियाच्या द्रावणात कणांची संख्या जवळजवळ तेवढीच (0.3 मोलर), तरी पेशी क्षणार्धात फुटतात, कारण युरिया स्वतःच आत शिरतो आणि पाठोपाठ पाणी. द्रावण "समपरासरी" (पेशी ना फुगते ना आक्रसते असं) आहे की नाही हे नुसत्या तीव्रतेवरून ठरत नाही. विरघळलेला पदार्थ बाहेर *राहतो* का, हे बघावं लागतं. शाळेत रक्ताचे प्रयोग नकोत.

शेवाळ

वाचतेय, छान चाललंय. पण एक शंका. सोडियम पटलातून जातच नाही, तर जुलाबात मीठ-साखरेचं पाणी का देतात? ते पोटात तसंच पडून राहायला हवं.

ओपीडी_बाकडं

हाच प्रश्न साठच्या दशकापर्यंत डॉक्टरांनाही होता. मिठाचं नुसतं पाणी पाजलं तर कॉलऱ्यात जुलाब वाढतच. उत्तर आतड्याच्या पेशीवरच्या एका प्रथिनात होतं. सोडियम आणि ग्लुकोज आतड्यातून एकत्र शोषले जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये प्राग इथे मांडली. ते प्रथिन म्हणजे एसजीएलटी-1. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज एकत्र आले तरच ते दोघांना आत घेतं. एकट्या ग्लुकोजला आत ओढायला इथे बळ नसतं, एकट्या सोडियमला ही वाट नसते.

सोडियम आत का ओढला जातो? पेशीच्या दुसऱ्या बाजूला, रक्ताकडच्या अंगाला, सोडियम-पोटॅशियम पंप अखंड चालू असतो: एका एटीपीवर (पेशीचं ऊर्जा पुरवणारं रसायन) तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. (येन्स स्काऊ यांनी तो 1957 मध्ये दाखवला, नोबेल 1997 मध्ये.) त्यामुळे पेशीत सोडियम लिटरला 10-15 मिलिमोल आणि बाहेर 140 च्या पुढे. हा उतार म्हणजेच एसजीएलटीचं इंधन. ग्लुकोज मागच्या दाराने ग्लूट-2 या वाहक प्रथिनातून रक्तात जातं, सोडियम पंपातून, आणि या दोघांच्या मागे पाणी.

कॉलऱ्याचं विष (1959 मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवलेलं) पेशीत सायक्लिक एएमपी (पेशीतलं निरोप पोचवणारं रसायन) वाढवतं, क्लोराइडची वाट उघडी राहते, मागोमाग सोडियम आणि पाणी आतड्यात ओतत राहतं. गंभीर रुग्णात तासाला लिटरपर्यंत. पण एसजीएलटी-1 शाबूत असतं. जुलाब सुरू असतानाही ते शोषत राहतं. सगळा खेळ त्यावर. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरला 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूंचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्या खाली आलं.

सध्याचं ओआरएसचं (जुलाबात पाजायच्या क्षार-साखरेच्या पुडीचं) पाकीट 2002 च्या सूत्राचं: मीठ 2.6, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5, ट्रायसोडियम सायट्रेट 2.9, एकूण 20.5 ग्रॅम *एका लिटरला*. सोडियम 75, ग्लुकोज 75 मिलिमोल. एकूण परासरता, म्हणजे लिटरमधल्या सगळ्या विरघळलेल्या कणांची बेरीज, 245 मिलिऑस्मोल. आधीचं 311 चं होतं, तेव्हा साखर 20 ग्रॅम. ती कमी केल्यावर शौचाचं प्रमाण आणि सलाइनची गरज दोन्ही घटली. सायट्रेट हे रक्तातली आम्लता आटोक्यात आणायला. सोड्याऐवजी ते आलं कारण सोड्याची पाकिटं दमट हवेत तपकिरी पडत.

चुका कुठे होतात? लिटरचं पाकीट एका पेल्यात कालवणं ही सगळ्यात वाईट. 200 मिलिलीटरमध्ये ते पाचपट तीव्र होतं, परासरता 1200 च्या वर. ते पाणी आतड्यात शोषलं जाणं सोडाच, रक्तातलं पाणी आतड्यात ओढतं. वर रक्तात सोडियम चढतो तो वेगळा. छोटी, 200 मिलिलीटरची पाकिटंही मिळतात, म्हणून पाकिटावरचं माप वाचा. पाणी आधी उकळून गार करा, पूड नंतर. 24 तासांनी उरलेलं फेका. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू.

गुळपोळी

पाकीट नसेल तर? आणि शीतपेय चालतं का?

ओपीडी_बाकडं

शीतपेय नाही. त्यात लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर आणि सोडियम नावापुरता. एसजीएलटीला जोडीदार नाही, साखर आतड्यात पडून राहते आणि पाणी ओढते. टेट्रापॅकमधल्या गोड "एनर्जी" पेयांनाही तेच लागू.

घरी: 1 लिटर पाणी, 6 *सपाट* छोटे चमचे साखर, अर्धा *सपाट* छोटा चमचा मीठ, चमचा 5 मिलिलीटरचा. सहा चमचे म्हणजे साधारण 25 ग्रॅम साखर. सुक्रोज तसंच शोषलं जात नाही. आतड्याच्या पृष्ठभागावर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, पैकी ग्लुकोज सोडियमच्या जोडीला लागतं. हिशेब केलात तर ग्लुकोज 73 मिलिमोलच्या आसपास येतं, सूत्राच्या जवळच. यात पोटॅशियम नसतं, ते शहाळ्यातून किंवा केळ्यातून द्यावं. खडे मीठ चमच्याने मोजू नका, कुटून घ्या. चिमूट-मूठ ही मापं हातागणिक बदलतात. साखर थोडी कमी पडली तर एक वेळ चालेल, मीठ जास्त झालेलं लहान मुलाला चालत नाही.

शेवाळ

कोकणात जुलाबाला पेज देतात, मीठ घालून. तिचं गणित बसतं का?

ओपीडी_बाकडं

चांगलं बसतं. स्टार्चचा रेणू प्रचंड मोठा, त्यामुळे पेजेत ग्लुकोजचा साठा भरपूर असूनही कणांची संख्या कमी, म्हणजे परासरता कमी. एन्झाइम त्यातलं ग्लुकोज आतड्यात हळूहळू सोडतात आणि ते सुटेल तसं सोडियमसोबत आत जातं. म्हणूनच तांदळाच्या पिठाचं ओआरएस लिटरला 50 ग्रॅम पीठ शिजवून करतात, आणि कॉलऱ्यात ते चांगलं ठरलेलं आहे. घरच्या पेजेत अडचण मिठाची, ते "चवीपुरतं" असतं. लिटरला अर्धा सपाट चमचा मोजून घाला. पेज पेल्यातून पिता येईल इतकी पातळ हवी. उन्हाळ्यात सहा-आठ तासांत ती आंबते, तेव्हा सकाळची संध्याकाळी नको.

अंगावरच्या बाळाला पेज नाही. दूध चालू ठेवून वर पाकिटाचं ओआरएस. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबामागे 50 ते 100 मिलिलीटर, दोन ते दहा वर्षांच्याला 100 ते 200. मूल पेंगतंय, पिऊ शकत नाही, डोळे खोल गेलेत, पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर फार हळू बसते, अशी लक्षणं असतील तर तोंडाने पाजत बसू नका. शिरेतून सलाइन लागतं, थेट दवाखाना.

वजनकाटा

अवांतर: मुलांना हे दाखवायचं असेल तर पाकिटाचं द्रावण लिटरला आणि तेच 200 मिलिलीटरला, अशा दोन बीकरांत बटाट्याच्या पट्ट्या ठेवा. पहिल्यात वजन थोडं वाढतं किंवा जैसे थे, दुसऱ्यात पट्टी तासाभरात लवचीक होऊन बोटाभोवती वळते. आतड्यातल्या वाहकाबद्दल बटाटा काही सांगत नाही, परासरतेबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. त्या पट्ट्या आणि ते पाणी नंतर कोणी खायचं-प्यायचं नाही, हे आधी बजावा.